पड ओढणार नाही, डिझेलसाठीसुद्धा



गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक शिकलेला मित्र योजना घेऊन आला. खाटीकखान्यातली, कोंबडीच्या दुकानातली, मेलेल्या ढोरांची टाकाऊ चरबी गोळा करायची आणि तिचं बायोडिझेल करायचं. बँकेचं कर्ज आहे, सरकारचं धोरण आहे, रिकाम्या पोरांना काम आहे. इथवर ठीक. मग तो म्हणाला, "आणि हे तर आपलं पारंपरिक कौशल्य. बापजाद्यांनी हेच केलं. आता त्याला भाव आलाय तर आपण का सोडायचं?"

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तिथं मला नीट बोलता आलं नाही. आमची बोलायची सवय यंत्राच्या आवाजावर ओरडायची, चार माणसांत शांतपणे मांडणी करणं जमत नाही. म्हणून लिहितोय. ज्याला राग येईल त्यानं उत्तर लिहावं, पुढच्या अंकात छापू.

आधी हे सांगतो की मी चरबीच्या विरोधात नाही. त्या यंत्राच्याही नाही. माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे. पारंपरिक कौशल्य.

पण भांडायच्या आधी चरबीचं डिझेल होतं कसं ते बघू. आपल्यातले अर्धे नाव ऐकून नाक दाबतात, उरलेले लगेच पैसे मोजायला बसतात. रसायन दोघांनाही माहीत नाही. मलाही नव्हतं. दुसऱ्या पाळीनंतर पुस्तकं वाचून, एका बीएस्सीच्या पोराच्या मागं लागून समजून घेतलं.

चरबीचे तुकडे बारीक करून बंद कढईत वाफेवर शिजवतात. पाणी उडून जातं, चरबी वितळून वेगळी निघते, खाली हाडामांसाचा चोथा राहतो. ताजी चरबी सरळ वागते. शिळी, कुजायला लागलेली चरबी वागत नाही. तिच्यात मोकळी आम्लं वाढलेली असतात. तशीच कॉस्टिकबरोबर घेतली तर डिझेलच्या जागी साबण होतो आणि सगळा लगदा होऊन बसतो. म्हणून आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉल घालून ती आम्लं मारायची. मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवून ते चरबीत घालायचं, साधारण ६० अंशांवर ढवळत ठेवायचं. ढवळणं थांबवलं की दोन थर पडतात. वर डिझेल, खाली ग्लिसरीन. १०० किलो चरबीला १०-११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं. घालावं लागतं जास्त, उरलेलं परत काढून घेतात. हाती येतं साधारण १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. मग धुवायचं, वाळवायचं. या डिझेलमध्ये एक खोड आहे. थंडी पडली की ते गढूळ होतं, गोठायला लागतं. म्हणून साध्या डिझेलमध्ये मिसळून वापरतात.

आता त्या टाकीत डोकावून बघा. गाय, म्हैस, बकरी, कोंबडी, सगळ्यांचं एकच पातळ पिवळं तेल झालेलं असतं. चरबीची जात ६० अंशांवर गेली. माणसाची जात किती अंशांवर जाते, ते या देशात अजून कुणी मोजलेलं नाही.

चरबी शुद्ध व्हायला तशी फार कधी अडचण आलीच नाही. १८५७ साली काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय म्हणून बंड झालं, ते पोरांना शाळेत शिकवतात. काडतूस दातानं तोडायचं म्हणजे धर्म बुडाला. मात्र ती चरबी ज्यानं ढोराच्या अंगावरून सोलली, वितळवली, त्याचं काय बुडालं होतं, ते शाळेच्या पुस्तकात नाही. पुढं साबणात चरबी आली, मेणबत्तीत आली, यंत्राच्या वंगणात आली. १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी बीफ टॅलो मिसळल्याचं उघडकीला आलं तेव्हा देशभर बोंब उठली. बोंब उठली ती खाणाऱ्याच्या धर्माची.

माझ्या स्वतःच्या कामातलंच सांगतो. मी इचलकरंजीत सायझिंगला आहे. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. खळ म्हणजे स्टार्च, पाणी आणि सूत मऊ ठेवायला काहीतरी स्निग्ध. आता डब्यातून तयार सॉफ्टनर येतो. गिरणीतल्या जुन्या रीतीत त्या जागी टॅलो असे, म्हणजे बकऱ्याची, ढोराची चरबी. पुढं कापड धुतलं की खळ निघून जाते. त्या कापडाचं धोतर नेसून माणूस देवळात गेला. त्याला कुणी पायरीवर अडवलं नाही. सूत बाटलं नाही, माग बाटला नाही, धोतर बाटलं नाही. मग बाटला कोण? ज्यानं ढोर ओढलं तो. म्हणजे बाट चरबीत नव्हताच. तो माणसाच्या अंगावर बाहेरून चिकटवलेला होता, आणि चरबी बाजारात गेली तरी तो मागं माणसापाशीच राहिला.

आता परंपरेकडं येतो.

माझा आजा गावात पड ओढायचा. लहानपणी आजीला विचारलं, "आजे, आज्याला ते काम आवडायचं का गं?" आजी पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "आरं लेकरा, आवडाय काय ते तमाशाला जानं हुतं व्हय? पाटलाचा मानूस हाळी द्यायचा, जावंच लागायचं. येकदा तुजा आजा तापानं फणफणला हुता, उटला न्हाई. दुसऱ्या दिशी त्याला चावडीम्होरं बडवला." हे आपलं कौशल्य. चावडीसमोर बडवून शिकवलेलं.

आणि त्याची मजुरी काय? हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, जो सगळ्या भावकीत वाटून कुणाच्याच पोटाला पुरायचा नाही. त्याच ढोराचं मांस, चान्या करून उन्हात वाळवलेलं. चुलीवर मांदं वितळवायचं आणि ते गाडग्यात भरून ठेवायचं, पावसाळ्यात कालवणाला. आज ज्याला सरकारी कागदावर कच्चा माल म्हणतात ते आमच्या आजीच्या गाडग्यात होतं. तेव्हा त्यापायी तिला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते.

एक गोष्ट आपल्या लोकांनाही कडू लागेल, तरी सांगतो. एका मेलेल्या ढोरावर किती जाती बसवल्या होत्या बघा. महारानं ओढायचं, ढोरानं कातडं कमवायचं, चांभारानं जोडा शिवायचा, मांगानं चामड्याची वादी नि दोर करायचे. गावागणिक वाटणी थोडी इकडची तिकडं. आणि प्रत्येकानं खालच्याकडं बघून नाक मुरडायचं. ढोर मेलं तरी उतरंड जिवंत. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती समजायला जाड ग्रंथ लागत नाही, एक मेलेला बैल पुरतो.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की मेलेलं मांस खाणं सोडा, ही हलकी कामं सोडा. लोकांनी सोडली. सोपं होतं काय? गावोगाव वाळीत टाकलं, दळण बंद, वाट बंद, मार खाल्ला. वतन सरकारदरबारी मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्याच्या आधी तीस वर्षं आपल्या अडाणी माणसांनी ते स्वतःच्या अंगावर मोडून दाखवलं होतं.

आणि १९५६ साली नागपूरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी भाषणात एक जुना वाद सांगितला. तो आपल्या मित्रानं नीट वाचावा. केसरीत कुणीतरी हिशेब मांडला होता की गावात वर्षाला इतकी ढोरं मरतात, त्यांची शिंगं, खुरं, हाडं, कातडं यांचे इतके पैसे होतात, आणि हा माणूस आपल्या लोकांचा तेवढा धंदा बुडवतोय. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. एवढा फायदा आहे तर तुम्हीच करा ना. दूध तुम्ही पिणार, मेल्यावर आम्ही ओढायचं, असं का? स्वतःच्या आईचं मढं स्वतः उचलता, मग गाईला आई म्हणता तर तिचंही तुम्हीच उचला.

मित्रा, तुझा कागद ऐकताना मला केसरीतला तो हिशेब आठवला. तेव्हा तो हिशेब बाहेरचा माणूस मांडत होता. आता आपलाच माणूस मांडतोय, आणि आपणच टाळ्या वाजवतोय. फरक इतकाच की त्या हिशेबात शिंगं-खुरं होती, तुझ्या हिशेबात लिटर आहेत.

मी तो कागद मागून घेतला आणि रात्री पुन्हा वाचला. चौथ्या पानावर माणसं लिहिलीत. गोळा करायला आपल्या वस्तीतली २० पोरं. टाकी चालवायला डिप्लोमा झालेले दोन तंत्रज्ञ, 'बाहेरून'. हिशेबाला एक, 'बाहेरून'. म्हणजे चरबीच्या टोकाला आपण आणि रसायनाच्या टोकाला दुसरं कोण तरी. शंभर वर्षं लढून आपण तिथंच आलो, फक्त आता हाळी पाटलाच्या माणसाऐवजी मोबाइलवर येणार. वीस पोरांच्या हातमोज्यांचा, बुटांचा, लसीचा, विम्याचा एक रुपया त्या कागदात नाही. मिथेनॉलबद्दल एक ओळ नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनं. पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग जीव. पेटलं तर भर उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. असला पदार्थ ज्या शेडमध्ये ड्रमानं ठेवायचा, तिथं माणसाच्या जिवाची किंमत शून्य धरलेली आहे. ही परंपरा मात्र अगदी बरोबर उतरलीय.

जगात हा धंदा चालतो. मी खोटं बोलणार नाही. फिनलंडची नेस्टे कंपनी वापरलेलं खाद्यतेल आणि टाकाऊ जनावरी चरबी घेऊन डिझेल करते, विमानाचं इंधन करते. तिची पद्धत वेगळी आहे, ती मिथेनॉलऐवजी हायड्रोजन वापरते. स्कॉटलंडमध्ये मदरवेलला २००५ साली चरबीचं बायोडिझेल निघायला लागलं. युरोपात गाईंच्या मेंदूच्या रोगानं हाहाकार झाल्यावर जनावरांच्या टाकाऊ भागांचे कायद्यानं तीन वर्ग पाडले. सगळ्यात धोक्याच्या वर्गातलं माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, त्याची चरबी जाळायला, इंधनाला चालते. तिथं रोगाच्या धोक्यावरून चरबीचे वर्ग केले. आपल्याकडं चरबी उचलणाऱ्या माणसाचे वर्ग केले.

तिकडं स्वर्ग आहे असंही समजू नका. २०२० च्या साथीत अमेरिकेतल्या मांस कारखान्यांत रोग वणव्यासारखा पसरला. तिथं राबणारे कोण होते? परदेशातून आलेले, काळे, गरीब. भांडवल जिथं जातं तिथं आपल्या कामाचा अस्पृश्य शोधून काढतं. इथं त्याला शोधायचीसुद्धा गरज नाही, गावकुसाबाहेरचा पत्ता तयार आहे.

आपल्या देशातलंच एक उदाहरण घ्या. केरळात वायनाड जिल्ह्यात पूकोडच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले डॉ. जॉन अब्राहम यांनी कत्तल झालेल्या कोंबड्यांच्या टाकाऊ भागातून चरबी काढून बायोडिझेल केलं. २०२१ साली त्यांना पेटंट मिळालं. चांगलं झालं, त्यांचं अभिनंदन. त्यांना कुणी विचारलं नाही की हे तुमचं पारंपरिक कौशल्य आहे काय. प्रयोगशाळेत काम केलं म्हणून ते विज्ञान ठरलं. आपल्या पोरांना मात्र त्याच चरबीपाशी उभं करताना विज्ञानाचं नाव निघत नाही, बापजाद्यांचं निघतं. बापजादे मधे आले की मजुरी कमी करायला सोपं जातं. "तुम्हाला सवय आहे" म्हणायचं, झालं.

आणि रस्त्याचं काय? २००२ साली हरियाणात झज्जरजवळ दुलीनाला गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना पोलीस चौकीपाशी जमावानं ठेचून मारलं. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्यांना उघडं करून, गाडीला बांधून बडवलं आणि त्याचं चित्रण करून जगाला दाखवलं. आपल्या महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. शेतकऱ्याचा म्हातारा बैल आता दाव्यालाच मरणार, आणि तो उचलायला कुणाला तरी बोलावणार. तुझी वीस पोरं चरबीचा टेम्पो घेऊन रात्री निघतील तेव्हा ती म्हशीची की कोंबडीची, पावती आहे की नाही, हे अडवणारा वाचून बघणार आहे काय? तो आधी नाव विचारेल.

उनाच्या माणसांनी काय केलं ते विसरू नका. गुजरातेतल्या दलितांनी मेलेली ढोरं उचलायचं बंद केलं. सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीपुढं मढी नेऊन टाकली. गाईचं शेपूट तुम्हीच धरा, आम्हाला आमची जमीन द्या, अशी मागणी घेऊन लोक चालत उनाला गेले. दोन वर्षांनी, २०१८ च्या एप्रिलात, मार खाल्लेल्या त्या घरानं बुद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी मागितली ती जमीन. चरबीचं कंत्राट मागितलं नाही.

आता दुसऱ्या बाजूच्यांशीही दोन शब्द. त्या दिवशी मागं बसलेले काही जण कुजबुजत होते, "असल्या घाणीची चर्चाच कशाला? आपण आता सुधारलो." हे आपले पांढरपेशे. च्यायला, यांना आजीच्या गाडग्याची लाज वाटते, चावडीवरच्या माराची वाटत नाही! चर्चा नको म्हणून नगरपालिकेत मेलेलं कुत्रं उचलायला येणारा माणूस बदलतो काय? तो आपलाच आहे. तुम्ही खिडकी लावून घेतलीत एवढंच. ज्या कामाची आपल्याला लाज शिकवली त्या कामातला नफा दुसरा गुपचूप उचलून नेतो, कारण आपण तिकडं बघतच नाही. नाक दाबून बसणाऱ्याला रसायन कळत नाही आणि हिशेबही कळत नाही.

आपला मित्र एक खरं बोलला, ते मी मान्य करतो. तो म्हणाला, "आपण सोडलं तर दुसरे घेतील." घेतीलच. कातड्याच्या धंद्यात घेतलंच की. सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात बायोडिझेलच्या व्याख्येतच जनावरी चरबी आहे, आणि २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे. पैसा येणार. मग त्यापासून लांब राहायचं काय? नाही. पण कुठल्या दारानं आत शिरायचं ते आपण ठरवायचं. मागच्या दारानं, ढोर ओढत, नाही.

मी असं म्हणतो:

एक. मेलेलं जनावर उचलायचं काम यंत्रानं व्हावं. क्रेनची गाडी पालिकेची, जिल्हा परिषदेची. तिच्यावर भरती उघडी, सगळ्या जातींना, पगार कायम आणि पूर्ण. ज्या दिवशी त्या गाडीवर ब्राह्मणाचा पोरगा बसेल त्या दिवशी मी म्हणेन की हे काम काम झालं. तोवर ती जातच आहे.

दोन. कर्ज घ्यायचं तर टाकीसाठी घ्या, गोळा करण्यासाठी नको. मालकी आपली, प्रयोगशाळा आपली, हिशेबाची वही आपली. डिप्लोमावाले 'बाहेरून' का? वीसातली पाच पोरं रसायन शिकायला पाठवा. दोन वर्षं लागू देत. महाडनंतर आपण किती वर्षं थांबलोय!

तीन. मिथेनॉल, आम्ल, वाफ, कुजकट वायू, या सगळ्यांपासून संरक्षण आधी, उत्पादन नंतर. ज्या कारखान्यात हे नाही तिथं आपला माणूस जाणार नाही. कारखाना आपल्या माणसाचा असला तरी जाणार नाही.

चार. 'पारंपरिक कौशल्य' हे शब्द आपल्या कुठल्याही कागदावर यायचे नाहीत. जिथं येतील तिथं खोडून त्यावर लिहायचं: सक्ती.

मित्रा, तू शत्रू नाहीस. तू रिकाम्या पोरांकडं बघून रात्री जागतोस, मला माहीत आहे. मीही जागतो. मागावर मंदी आली की आमच्याकडं पाळ्या कमी होतात आणि पोरं नाक्यावर उभी राहतात. पोट भरायची घाई आपल्याइतकी कुणाला कळणार? पण याच घाईचा फायदा घेऊन प्रत्येक पिढीला पुन्हा त्याच ढोरापाशी आणून उभं केलंय. पहिल्यांदा काठीनं आणलं, मग वतनानं. आता कर्जानं आणतायत. ढोर तेच आहे.

माझ्या आज्यानं ज्या दिवशी पड ओढायचं सोडलं त्या दिवशी त्याच्या घरात दाणा नव्हता. आजी सांगते, त्या रात्री पोरं उपाशी झोपली. त्यातलं एक पोरगं माझा बाप. तो उपास मी तुझ्या चौथ्या पानासाठी मोडणार नाही.

ते पान फाड. नवीन लिही. मी पाळी संपवून येतो, दोघं बसून लिहू.

जयभीम.